शेवट पाहिलेली बाई

मी सिनेमे आधी वाचायची आणि मग पाहायची. यामागे काही तात्त्विक भूमिका वगैरे नव्हती. बहारीनमध्ये पुण्याचं साप्ताहिक तीन आठवड्यांनी पोचायचं आणि सिनेमाची कॅसेट तीन-चार महिन्यांनी, एवढंच. सासरे चार-चार अंकांची गुंडाळी करून पोस्टाने धाडत. गुंडाळी आली की मी दारातच उभ्याने सुतळी तोडायची आणि शेवटून दुसरं पान उघडायची. तिथे एका समीक्षकांचं सदर असे, माझ्या समीक्षकांचं. ‘माझ्या’ म्हणते, कारण त्या काळात स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. पुण्यात मी एका कॉलेजात तासांवर मराठी शिकवत होते. नवऱ्याला बहारीनमधल्या सित्राच्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली, आम्ही जवळच्या रिफा गावात फ्लॅट घेतला आणि माझ्या तिथल्या ओळखपत्रावर कामाच्या रकान्यात ‘हाउसवाइफ’ आलं. रिफात पायी जायचं ते इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरपर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत, दूध आणि खुबूसच्या रोट्या आणायला. त्यापुढे गाडी लागते. म्हणून मी गाडी शिकायला घेतली. शिकवणारा मला हमद टाउनला न्यायचा, कारण तिथे एकामागून एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक आहेत. आत शिरायची मी बरोबर. बाहेर पडायची वेळ आली की घाबरून पुन्हा फिरत राहायची. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा गेलेच नाही.

मला बसवत नसे, हे खरं दुखणं. नवरा सहाला जायचा, मुलीची बस साडेसहाला. ती दोनला परतायची आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. मधल्या सात तासांत मी आवरलेली कपाटं पुन्हा आवरायची, खिडकीशी जायची, परत यायची, एसी बंद करायची, उकडलं की लावायची. नवरा म्हणायचा, तुझ्या पायाला भिंगरी आहे पण जायला जागा नाही. तो हसून म्हणायचा आणि मला ते लागायचं.

त्या सात तासांत समीक्षक शिरले. त्यांचे दोन आवडते शब्द होते, ‘प्रामाणिक’ आणि ‘बेतीव’. जगातले सगळे सिनेमे या दोन डब्यांत बसत. हळूहळू मीही तशीच बोलायला लागले. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी एखाद्या सिनेमाचं कौतुक केलं की मी मान तिरकी करून म्हणायची, शेवट जरा बेतीव आहे. बायका गप्प व्हायच्या, आणि मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गाण्यांबद्दल मात्र मी त्यांच्यापासून लपवालपवी करत होते. त्यांना गाणी खपत नसत. गाणं आलं की सिनेमा थांबतो, असं त्यांनी पन्नासदा लिहिलं असेल. आणि मी तर गाण्यांवर वाढलेली. कॉलेजात असताना एका संगीतकाराच्या चालीसाठी मी एकच सिनेमा सहा वेळा पाहिला होता. गोष्ट काय होती ते आज विचाराल तर सांगता येणार नाही, पण तिसऱ्या कडव्याआधी सतार कुठे वळते ते अजून सांगेन. रिफात मी ती गाणी स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून ऐकायची. घरात ऐकायला कुणी नसताना आवाज बारीक करणारी मी एकटीच असेन.

नाही, एक जण ऐकायला होती. समोरच्या दारात श्रीवर्धनकडची एक भाभी राहायची. तिचा नवरा मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. भाभी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, माझ्याच वयाची, मला ‘ताई’ म्हणायची. दहाच्या सुमाराला ती लसणाची परडी किंवा शिवण घेऊन यायची आणि आम्ही कॅसेट लावायचो. तिचा कान विलक्षण होता. एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडात असायची, शब्दांशिवाय, नुसती गुणगुण. सिनेमा संपला की ती एका वाक्यात काय ते सांगायची. एका गाजलेल्या करुण सिनेमावर ती म्हणाली होती की बाई एवढी रडते, पण स्वयंपाक कुणी केला ते दाखवलंच नाय. मी हसले होते. समीक्षकांना पाठवलेल्या पुढच्या पत्रात मी तेच वाक्य जरा सजवून स्वतःचं म्हणून घातलं होतं.

हो, मी त्यांना पत्रं लिहायची. कॅसेटी नवरा आणायचा, गुरुवारी, मनामाच्या गल्लीतल्या एका व्हिडिओच्या दुकानातून. दुकानदार रत्नागिरीकडचे चाचा. मारामारीचे सिनेमे त्यांच्याकडे ढिगाने. माझे, म्हणजे समीक्षकांनी ‘प्रामाणिक’ ठरवलेले, कुणी मागत नसे, म्हणून ते चाचा एकाच कॅसेटवर दोन-दोन भरून ठेवत. मी ते भक्तिभावाने पाहायची. आणि पाहता पाहता मला एक शोध लागला. यातल्या बऱ्याच सिनेमांना शेवट नव्हता. म्हणजे ते संपत, पण आवरत नसत. एक कारकून पेन्शनच्या बंद खिडकीसमोर उभा राही आणि पडदा काळा होई. एक गायिका आलाप घेता घेता मध्येच थांबे, संपलं. जत्रेत हरवलेलं पोर गर्दीकडे बघत राही, संपलं. मग टीव्हीवर नुसत्या खरखरणाऱ्या मुंग्या.

मी भारावून गेले. हे नवे दिग्दर्शक शेवट सांगतच नाहीत, तो प्रेक्षकाच्या ओटीत घालतात, असं मी समीक्षकांना कळवलं. अर्धवटपणाचं सौंदर्य, असा शब्दही काढला. सहा पानी पत्र. त्यांचं कार्ड आलं, चार ओळींचं; आपली दृष्टी वेगळी आहे, लिहीत राहा. ते कार्ड मी पासपोर्टात ठेवलं. मग दोन वर्षं पत्रं चालली आणि एके दिवशी त्यांनी लिहिलं की आखातात बसून आपण सिनेमा कसा पाहता, यावर आमच्या अंकासाठी एक लेख द्या.

मी तो लेख पंधरा दिवस लिहिला नाही आणि सोळाव्या दिवशी एका बैठकीत लिहिला, कारण मध्ये एक सिनेमा आला. मराठी होता. खाडीकाठचं गाव, नवरा बोटीवर नोकरीला, घरात सासू आणि दोन मुलं. त्या बाईचं सगळं बरं चाललेलं असतं. कुणी छळत नाही, उपाशी नाही. फक्त तिला बसवत नाही. ती सारखी अंगणातून दारात, दारातून अंगणात. आणि एके सकाळी ती पत्र्याची ट्रंक उचलते, कुणाला काही न सांगता धक्क्यावर जाते. लाँच येते. ती फळीवर पाय ठेवते. भोंगा वाजतो आणि अंधार.

त्या दिवशी भाभी आली नव्हती, मी एकटीच होते. मुंग्या सुरू झाल्या तरी मी टीव्ही बंद केला नाही. मी रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. ती गेली, एवढंच मला पुरे होतं. कुठे गेली, का गेली, परतली का, हे तिने कुणाला सांगायची गरज नव्हती. माझ्या वतीने कुणीतरी गेलं होतं. मी उठले आणि संध्याकाळपर्यंत लेख पुरा केला. सगळा लेख त्या अंधारावर होता. परतीची वाट दाखवायला नकार देणारा पहिला मराठी सिनेमा, असं मी ठणकावून लिहिलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पाकीट पोस्टात टाकलं.

त्याच्या पुढच्या दिवशी भाभी आली. मी तिला शेवटची वीस मिनिटं लावून दाखवली. मला कुणाला तरी दाखवायचंच होतं. अंधार झाला तशी मी तिच्याकडे पाहिलं. ती अजून टीव्हीकडेच बघत होती, वाट बघितल्यासारखी.

“ताई, हा शेवट नाय,” ती म्हणाली. “ती परत येते. संध्याकाळी, त्याच लाँचीनं. मग गानं हाय.”

मागच्या सुट्टीत श्रीवर्धनला, रविवारी दुपारी टीव्हीवर हा सिनेमा लागला होता, ती आणि तिची बहीण दोघींनी पाहिला होता, असं तिने सांगितलं. आणि ते गाणं ती गुणगुणली. साधी चाल होती, जात्यावर म्हणतात तशी, पण मधे एका ठिकाणी अनपेक्षित खाली उतरणारी. मला ती चाल आवडली, आणि त्यामुळे मी अधिकच चिडले. मी म्हटलं, तुम्ही दुसरा कुठला तरी पाहिला असेल. ती म्हणाली, नाय, हीच बाई, हीच ट्रंक, आणि त्या ट्रंकेचं... मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

“भाभी, असे शेवट समजायला जरा सवय लागते,” मी म्हटलं.

हे वाक्य मी उच्चारलं. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. भाभीने परडी उचलली, मुलांच्या डब्याचं काहीतरी निमित्त सांगितलं आणि ती गेली.

ती गेली पण शंका राहिली. लेख विमानात होता. छापून आला आणि ती बाई खरंच परतत असली, तर पुण्यातल्या ज्या कुणी तो सिनेमा पाहिला असेल तो प्रत्येक जण मला हसणार होता. पहिले हसणार माझे समीक्षक. दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर मी एकटी मनामाच्या बसमध्ये बसले. बहारीनला आल्यापासून बसमध्ये पहिल्यांदाच. बसमध्ये सगळे पुरुष, सगळे कामगार. त्यांनी पुढची सीट रिकामी करून दिली आणि वाटभर कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

चाचांनी मला ओळखण्याचं कारण नव्हतं. कोणत्या कॅसेटी नेते ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “त्या टू-इन-वनवाल्या म्हंजे तुमी,” ते म्हणाले. मी विचारलं, या सिनेमाचा शेवट एवढाच आहे का? त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. कॅसेट तीन तासांची. सिनेमे दोन. वर सोन्याच्या दुकानाची आणि मसाल्याची जाहिरात. पहिला सिनेमा पुरा मावतो, दुसऱ्याचा शेवट बाहेर राहतो. तो बाहेर राहिलेला तुकडा ते वेगळ्या कॅसेटवर भरून ठेवतात. बोलण्याच्या मध्येच कापलेलं त्यांना बघवत नाही, म्हणून एखादं दृश्य संपेल तिथे, जरा बरं दिसेल तिथे ते थांबवतात. आणि वेगळ्या कॅसेटीला दुकानात शेपूट म्हणतात.

“साहेबांना दर टायमाला विचारतो, शेपूट पायजे काय? साहेब हसतात आनि नाय बोलतात.”

नवऱ्याला मी नंतर विचारलं. त्याला वाटायचं चाचा थट्टा करतात. त्यात न कळण्यासारखं काय होतं, असं मी ओरडले. तो म्हणाला, भर दुकानात एखाद्या माणसाने ‘शेपूट पाहिजे का’ म्हटलं तर तू काय समजली असतीस?

चाचांनी ती कॅसेट काढून दिली. पाठीवर मार्करने मोठं ‘शेपटं’ लिहिलेलं. माझ्या खाडीच्या सिनेमाचं शेपूट मात्र त्यात नव्हतं. मराठीचं शेपूट कोन मागतो, म्हणून त्यांनी ते भरलंच नव्हतं आणि मूळ कॅसेट दुबईला परत गेली होती. खलास, असं म्हणून त्यांनी हात झटकले.

घरी येऊन मी शेपटं लावली. सतरा सिनेमांचे शेवट, एकामागून एक, मध्ये नाव नाही की गाव नाही. कारकुनाच्या पेन्शनची खिडकी उघडली आणि त्याने ऑफिसात पेढे वाटले. गायिकेने आलाप पुरा केला, समेवर आली, टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेत तिचा रुसलेला बाप डोळे पुसत होता. जत्रेतलं पोर पोलिसाच्या खांद्यावरून आईकडे आलं. ज्या ज्या माणसाला मी अधांतरी सोडून आले होते, तो तो सुखरूप घरी पोचला होता. मी जमिनीवर बसून आधी हसले. मग मला माझी ती सगळी पत्रं आठवली, सहा-सहा पानी, अर्धवटपणाच्या सौंदर्याची. दोन वर्षं मी चाचांच्या कात्रीचं रसग्रहण करत होते.

आता प्रश्न लेखाचा होता. नवरा म्हणाला, ऑफिसातून फॅक्स करू, त्यात काय एवढं. मी दोन ओळी लिहिल्या: लेख कृपया थांबवावा, शेवटाची खात्री करून कळवते. त्याने कागद शर्टाच्या खिशात ठेवला. सकाळी तो दाढी करत असताना मी तो कागद खिशातून काढून घेतला. संध्याकाळी त्याने विचारलं, फॅक्स तूच ठेवून घेतलास ना? मी म्हटलं, अजून विचार करते. मी विचार करत नव्हते. मला माझं नाव छापून आलेलं बघायचं होतं. भाभी चुकत असेल, अशी मी मनातल्या मनात जवळजवळ प्रार्थनाच करत होते. सतरा सिनेमांचे शेवट बाहेर राहिले म्हणजे अठराव्याचाही राहिलाच असेल, असं थोडंच आहे?

पुढचे पाच आठवडे मी कसे काढले ते घरच्यांना विचारावं. पोस्टाच्या पेटीकडे दिवसातून तीनदा जायची. भात दोनदा करपला. मुलीने शाळेच्या निबंधात माय मदर वॉक्स अ लॉट असं लिहिलं आणि तिच्या बाईंनी शेरा दिला, गुड फॉर हेल्थ.

गुंडाळी आली. लेख होता, पान सत्तावीस, नाव ठळक. आणि लेखाखाली चौकटीत समीक्षकांची स्वतःची टीप. बहारीनच्या वाचक भगिनीने शेवटाबद्दल जे लिहिलं आहे ते आम्ही अक्षरशः अनुभवलं; तो भोंगा आणि तो अंधार यानंतर चित्रपटगृहात आम्ही कितीतरी वेळ उठलो नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी ती चौकट चार वेळा वाचली. माझ्या अंगातून पाच आठवड्यांची भीती उतरली आणि तिच्या जागी जे आलं ते काही चांगलं नव्हतं. मी अंक घेऊन सरळ समोरच्या दारावर गेले. भाभीचे हात पिठाचे होते. ती धुऊन आली, अंक जमिनीवर ठेवून बसली आणि बोट फिरवत तिने माझा लेख पहिल्यापासून वाचला. फार वेळ लागला. चौकटीशी आल्यावर ती थांबली, ती पुन्हा वाचली. मी उभीच होते. मी म्हटलं, बघा, त्यांनी थेटरात बसून पाहिलाय.

“असल,” ती म्हणाली. “माजी चूक झाली असल.”

मग तिने लेख छान लिहिलाय असं म्हणून मला दोन घावने खायला लावले.

त्यानंतर मी आणखी दोन लेख लिहिले. मंडळाच्या गणपतीत मला ‘चित्रपट रसास्वाद’ या विषयावर बोलायला उभं केलं. भाभी येत राहिली, पण रोज नाही. परडी आणायची, लसूण सोलायची, सिनेमा बघायची. संपल्यावर मी विचारायची, कसा वाटला? ती म्हणायची, तुमीच सांगा. गुणगुणणंही कमी झालं होतं. हे मला दिसत होतं. मी ते तिच्या घरच्या काळज्यांच्या खात्यावर टाकून दिलं, कारण तिच्या नवऱ्याचा व्हिसा त्या वर्षी अडला होता आणि ते सोयीचं कारण होतं.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीवर पुण्याला आलो. एका रविवारी दुपारी मी सासरी स्वयंपाकघरात आमरस काढत होते. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, माझं लक्ष नव्हतं. आणि ती चाल आली. जात्यावरची, मधेच खाली उतरणारी. मी ती आयुष्यात एकदाच ऐकली होती, भाभीच्या तोंडून, आणि तरी पहिल्या चार सुरांत ओळखली. हातावरून रस गळतोय तशी मी बाहेर धावले.

लाँच धक्क्याला लागत होती. संध्याकाळ. तीच बाई, तीच ट्रंक. मुलं धक्क्यावर खेळत होती. त्यांनी आई आली एवढंच पाहिलं आणि पुन्हा खेळायला लागली. ती घरी आली. सासूने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिने अंगणात पाणी मारलं, तेव्हा ते गाणं चालू होतं. मग आतल्या खोलीत तिने ट्रंक खाटेखाली सरकवायच्या आधी उघडली. ट्रंक रिकामी होती. सकाळी निघतानाही रिकामीच असणार. ती कुठे राहायला निघालीच नव्हती. आपल्याला निघता येतं का, एवढंच तिला बघायचं होतं, आणि ते बघून ती घरी आली होती. गाण्याच्या शेवटी ती उंबऱ्यावर बसली. बसली. सबंध सिनेमात पहिल्यांदा.

माझ्या अंधारापेक्षा हे कितीतरी मोठं होतं. आणि भाभी मला तेच सांगत होती, ‘आणि त्या ट्रंकेचं’ इथपर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी साप्ताहिकाच्या कचेरीत फोन लावला. समीक्षक भेटले. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बारीक होता. मी सांगितलं, ती परत येते हो. ते मोकळेपणाने हसले. त्या दिवशी दोन सिनेमे होते, शेवटची रिळं सगळी बघून होत नाहीत, तुमचं वाचलं आणि वाटलं, असंच असणार. फार सुंदर लिहिलं होतं तुम्ही, असं ते म्हणाले. आणि त्याच दमात पुढचा लेख कधी देता, असं विचारलं. मी फोन ठेवला. त्यांचा राग येईना, तेच मला सहन होत नव्हतं. आम्ही दोघं एकाच जातीची माणसं निघालो होतो. तो सिनेमा शेवटपर्यंत आम्हा तिघांतल्या एकट्या भाभीनेच पाहिला होता आणि तिला मी सवय लागते म्हणून सांगितलं होतं.

उरलेल्या सुट्टीत मला पुण्यातही बसवलं नाही.

जुलैत परतलो. बॅगा दारात ठेवल्या आणि मी कपडेही न बदलता समोरची बेल वाजवली. भाभीने मला आत घेतलं, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. मी सगळं सांगितलं. टीव्ही, आमरस, ट्रंक, फोन. शेपटांच्या कॅसेटीचंही सांगितलं, जे तिला वर्षभर सांगितलं नव्हतं. खिशातून काढून घेतलेल्या फॅक्सचंही. तुमचं खरं होतं, मी चुकले, आणि चुकले त्याहून वाईट वागले, असं मी म्हटलं. मला वाटलं होतं ती ‘जाऊ द्या ताई’ म्हणेल.

ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेलं एक पत्र होतं. तिच्या बहिणीचं, श्रीवर्धनहून आलेलं. मी तारीख पाहिली. मागच्या वर्षीची, माझा लेख छापून आला त्यानंतर महिन्याच्या आतली. मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत लिहिलं होतं की अगं तुझी काही चूक नाही, मला नीट आठवतंय, ती बाई संध्याकाळी परत येते, अंगणात पाणी मारते, ट्रंक रिकामी असते, तू तेव्हा रडली होतीस, तुला असं का वाटायला लागलं?

“छापून आलं तवा मला वाटलं, माजंच डोकं फिरलंय,” भाभी म्हणाली. “बगितलेलं खरं का खोटं, तेच कळंना. म्हनून भैनीला विचारलं.”

म्हणजे हे पत्र वर्षभर कपाटात होतं. ती दर दोन दिवसांनी माझ्या घरी येऊन लसूण सोलत होती, माझी मतं ऐकत होती आणि हे पत्र समोरच्या दारामागे कपाटात होतं. मी तिला विचारलं, मला दाखवलं का नाहीत?

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि होत्या त्याच घड्यांवर पुन्हा मिटलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागसुद्धा नव्हता.

“तुमी छापलेलं मानता, ताई. हे हातानं लिवलेलं.”